कोविडनंतर रेंगाळणारी धाप आणि मूलपेशींच्या चाचण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविड होऊन गेला, रिपोर्ट केव्हाच निगेटिव्ह आला, पण दोन जिने चढले की अजून थांबावं लागतं. अशा रुग्णाला कोणीतरी 'स्टेम सेल (मूलपेशी) करून बघा' असं सुचवतंच. या उपचाराला भारताच्या किंवा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी कोविडनंतरच्या धापेसाठी मान्यता दिलेली नाही. आज जे करण्यासारखं आहे ते म्हणजे क्लिनिकल चाचणी, म्हणजे नवा उपचार रुग्णांवर नियम पाळून तपासून बघणं. त्या चाचणीत नाव घालावं का, हे ठरवताना लोक जे विचारतात त्याची उत्तरं इथे आहेत.

दम लागतो म्हणजे फुफ्फुस खराब झालंय असंच ना?

तसं नाही. बऱ्याचदा नसतंच. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये व्याख्या ठरवली: आजार सुरू झाल्यापासून साधारण ३ महिन्यांनी त्रास असेल, तो किमान २ महिने टिकला असेल आणि त्याला दुसरं कारण सापडत नसेल, तरच त्याला कोविडोत्तर स्थिती म्हणायचं. यातलं शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच गाळलं जातं.

धाप लागण्याची कारणं वेगवेगळी असतात. फुफ्फुसात व्रण राहिलेले असतात किंवा सूज रेंगाळलेली असते. फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते. हृदयाच्या स्नायूला सूज येऊन गेलेली असते. महिनाभर अंथरुणावर पडून मांड्यांचे स्नायू गेलेले असतात. काहींची श्वास घेण्याची लयच बिघडते. सगळे रिपोर्ट नॉर्मल, पण वरच्या वर भराभर श्वास घेतात. आपल्याकडे याशिवाय क्षयरोग बघावाच लागतो, कारण मधुमेह आणि कोविडमध्ये घेतलेले स्टेरॉइड यांची जोडी दबलेला टीबी वर काढते.

पेशींच्या चाचण्या यातल्या पहिल्या गटासाठी, म्हणजे फुफ्फुसातले व्रण किंवा सूज यांसाठी आहेत. ज्याची धाप रक्तक्षयाची आहे त्याला १० कोटी पेशी दिल्या तरी हिमोग्लोबिन ९ चं ९ च राहणार.

कोणत्या तपासण्या आधी झालेल्या हव्यात?

स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुफ्फुसाची क्षमता मोजणं), डीएलसीओ, छातीचा एचआरसीटी, टू-डी इको, हिमोग्लोबिन आणि सहा मिनिटं चालण्याची चाचणी. गुठळीची शंका असेल तर सीटी अँजिओ.

डीएलसीओ म्हणजे हवेतला वायू फुफ्फुसातून रक्तात किती सहज उतरतो याचं माप. कोविडनंतर हा एकटाच आकडा कमी आणि स्पायरोमेट्री ठीक असं चित्र पुष्कळदा दिसतं. अंदाजित किमतीच्या ८० टक्क्यांखाली गेला तर बहुतेक ठिकाणी तो कमी धरतात. पण रक्त कमी असेल तर फुफ्फुस धडधाकट असूनही डीएलसीओ खाली येतो. म्हणून रिपोर्टवर 'हिमोग्लोबिननुसार दुरुस्त केलेला' असा वेगळा आकडा आहे का ते बघा. आपल्याकडच्या बायकांमध्ये रक्तक्षय इतका आढळतो की ही दुरुस्ती न करता कोणाला 'फायब्रोसिस' (फुफ्फुसातले व्रण) म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे.

या पेशी नेमक्या कोणत्या?

बहुतेक चाचण्यांत मेसेनकायमल पेशी, म्हणजे एमएससी, वापरतात. त्या बोन मॅरोमधून, पोटावरच्या चरबीतून किंवा प्रसूतीनंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेतल्या जेलीसारख्या ऊतीतून काढतात. नाळेच्या पेशी जास्त वापरल्या जातात, कारण दात्याला सुई टोचावी लागत नाही आणि पेशी लवकर वाढतात.

एमएससी कशाला म्हणायचं याचे निकष २००६ मध्ये ठरले. प्लास्टिकच्या भांड्याला चिकटून वाढल्या पाहिजेत. सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ या खुणा किमान ९५ टक्के पेशींवर दिसल्या पाहिजेत. सीडी४५, सीडी३४ यांसारख्या रक्तपेशींच्या खुणा २ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. आणि प्रयोगशाळेत त्यांच्यापासून हाड, चरबी आणि कूर्चा बनवता आली पाहिजे. प्रत्येक बॅचचा असा दाखला असतो. तो मागता येतो.

चीनमध्ये वेगळ्या वाटेनेही काम चाललं आहे. रुग्णाच्याच श्वासनलिकेतून दुर्बिणीने ब्रश फिरवून बेसल पेशी (अस्तराच्या तळाशी असणाऱ्या) घ्यायच्या, वाढवायच्या आणि परत फुफ्फुसात सोडायच्या. कल्पना चांगली आहे, पण प्रत्येक रुग्णासाठी वेगळी बॅच आणि दोनदा ब्रॉन्कोस्कोपी, त्यामुळे पसारा मोठा.

शिरेतून दिलेल्या पेशी फुफ्फुसात जाऊन नवं फुफ्फुस तयार करतात का?

नाही. जाहिरातीत हेच दाखवतात, म्हणून थोडं सविस्तर सांगायला हवं.

हाताच्या शिरेतून गेलेली प्रत्येक गोष्ट आधी हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून फुफ्फुसात जाते. एमएससीचा व्यास साधारण १५ ते ३० मायक्रॉन, आणि फुफ्फुसातली केशवाहिनी जेमतेम ५ ते १० मायक्रॉनची. त्यामुळे बहुतांश पेशी पहिल्याच फेरीत फुफ्फुसात अडकतात. गुडघ्यासाठी किंवा मेंदूसाठी शिरेतून पेशी देणाऱ्यांची हीच पंचाईत होते. फुफ्फुसाच्या बाबतीत मात्र ती पथ्यावर पडते.

पण त्या तिथे राहत नाहीत. प्राण्यांवरच्या प्रयोगांत एक-दोन दिवसांत जवळपास सगळ्या नाहीशा झालेल्या दिसतात. तेवढ्या वेळात त्या सूज आवरणारे रेणू सोडतात, काही वेळा आपली मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) शेजारच्या पेशींना देतात, आणि मेल्यावर त्यांना गिळणाऱ्या मॅक्रोफेज या सफाई-पेशींचं वागणंही बदलतात. काम होतं ते असं, निरोप पोहोचवून. म्हणूनच सूज अजून धगधगत असेल तर फायद्याची शक्यता अधिक, आणि मधमाशीच्या पोळ्यासारखा दिसणारा जुना व्रण एकदा घट्ट झाला की कमी. दोन वर्षांपूर्वीच्या पक्क्या फायब्रोसिसवर हमी देणारा माणूस स्वतःच्या औषधाचं शास्त्र जाणत नाही, किंवा जाणून गप्प आहे.

डोस किती आणि देतात कसा?

दोन पद्धती आहेत. एक वजनानुसार: किलोमागे १० लाख ते १ कोटी पेशी. दुसरी ठरावीक: एका वेळी ४ कोटी किंवा १० कोटी, वजन काहीही असो. बहुधा दोन-तीन डोस, काही दिवसांच्या अंतराने.

पेशी द्रव नायट्रोजनच्या वाफेत, उणे १५० अंशांच्याही खाली साठवलेल्या असतात. पेशी देण्याच्या दिवशी जे घडतं त्याचा क्रम साधारण असा. पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात धरतात आणि आत बर्फाचा बारीक तुकडा उरेपर्यंतच, म्हणजे दोन-तीन मिनिटं, वितळवतात. पूर्ण कोमट होईपर्यंत ठेवायची नाही, कारण गोठवताना घातलेलं डीएमएसओ हे रसायन उबेत पेशींनाच मारतं. मग अल्ब्युमिन घातलेल्या सलाईनने हळूहळू पातळ करतात किंवा धुऊन घेतात. थोडा नमुना काढून रंग घालून मोजतात: मेलेली पेशी निळी पडते, जिवंत पडत नाही. जिवंत पेशी ७० टक्क्यांपेक्षा कमी निघाल्या तर बहुतेक नियमावल्यांनुसार पिशवी वापरायची नाही.

त्यानंतर घड्याळ सुरू होतं. काही तासांतच पेशी शरीरात जायला हव्यात. रक्त चढवताना वापरतात तोच १७० ते २०० मायक्रॉनच्या जाळीचा सेट लागतो. पांढऱ्या पेशी गाळणारा बारीक फिल्टर चुकून लावला तर औषध सगळं फिल्टरमध्येच राहतं. त्या नळीतून दुसरं कोणतंही औषध द्यायचं नाही. पेशी तळाशी बसतात म्हणून नर्स दर थोड्या वेळाने पिशवी हलकेच हलवते. न हलवता टांगून ठेवली तर शेवटी गठ्ठा एकदम जातो आणि नेमका तेव्हाच रुग्णाला खोकला-घुसमट होते. पेशी देण्याआधी बहुधा अ‍ॅव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन ही अ‍ॅलर्जी रोखणारी औषधं देतात. अर्धा ते एक तास पिशवी चालते, दर १५ मिनिटांनी नाडी, रक्तदाब, ताप आणि ऑक्सिजन बघतात, आणि नंतर काही तास थांबवून ठेवतात.

डीएमएसओचा थोडा भाग शरीरात बदलून श्वासावाटे बाहेर पडतो. दिवसभर तोंडाला लसणासारखा वास येतो. घाबरायचं कारण नाही.

काय काय बिघडू शकतं?

आजवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर एमएससीशी ठामपणे जोडता आलेला त्रास एकच आहे: थोड्या वेळाचा ताप. तरी तीन गोष्टी डॉक्टरांना तोंडाने विचारा, संमतिपत्रात बारीक अक्षरात असल्या तरी.

पहिली म्हणजे गुठळी. या पेशींच्या पृष्ठभागावर टिश्यू फॅक्टर नावाचं प्रथिन असतं आणि ते रक्त गोठवतं. चरबीतल्या आणि नाळेतल्या पेशींवर ते बोन मॅरोपेक्षा जास्त आढळतं. कोविडमध्ये ज्याला गुठळी होऊन गेली त्याने हे सांगितलंच पाहिजे. काही नियमावल्यांत म्हणून रक्त गोठू न देणारं हेपॅरिन देतात.

दुसरी, जंतुसंसर्ग. पेशी जिवंत असल्यामुळे बॅच उकळून किंवा किरण मारून निर्जंतुक करता येत नाही. सगळी मदार स्वच्छ खोलीवर आणि तपासण्यांवर. बॅचची बॅक्टेरिया, बुरशी, मायकोप्लाझ्मा आणि एंडोटॉक्सिनसाठी तपासणी झालेली असते, दात्याची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सी आणि सिफिलिससाठी. २०१८ मध्ये अमेरिकेत नाळेच्या रक्तापासून बनवलेलं, मान्यता नसलेलं उत्पादन टोचून घेतलेल्या १२ जणांना बॅक्टेरियाचा संसर्ग झाला होता.

तिसरी फारसं कोणी बोलत नाही. परक्या दात्याच्या पेशींमुळे शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. ज्याचं फुफ्फुस इतकं गेलंय की पुढे प्रत्यारोपणाची यादी गाठावी लागेल, त्याला जुळणारा अवयव मिळणं त्यामुळे अवघड होऊ शकतं. अशा रुग्णाने आधी प्रत्यारोपण केंद्राचं मत घ्यावं.

कॅन्सरबद्दल विचारतात. एमएससी देऊन गाठी वाढल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही, पण पाठपुरावा अनेक वर्षं करावा लागतो तो त्याचसाठी. पेशी जितक्या जास्त वेळा भांड्यात वाढवाव्यात तितका गुणसूत्रांत बिघाड होण्याचा धोका वाढतो, म्हणून कितव्या पिढीपर्यंत वाढवायच्या यावर मर्यादा घातलेली असते.

आतापर्यंतचे निकाल काय सांगतात?

बहुतेक आकडे तीव्र कोविडमधले आहेत, रेंगाळलेल्या त्रासातले नाहीत. हे लक्षात ठेवून वाचा.

मायामी विद्यापीठाच्या चाचणीत २४ रुग्ण होते, १२ आणि १२. नाळेच्या १० कोटी पेशींचे दोन डोस. महिन्याभरानंतर पेशी घेतलेल्यांपैकी ९१ टक्के जिवंत होते, न घेतलेल्यांपैकी ४२ टक्के. २०२१ मध्ये हे छापून आलं आणि आकडा जगभर फिरला. त्यानंतर बोन मॅरोच्या पेशींची मोठी चाचणी, व्हेंटिलेटरवरच्या २२२ रुग्णांवर, किलोमागे २० लाखांचे दोन डोस: ३० दिवसांत पेशी गटात ३७.५ टक्के दगावले, दुसऱ्या गटात ४२.७ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो एवढाच. ३०० जण घ्यायचे ठरलं होतं; डिसेंबर २०२० मध्ये भरती थांबवली, कारण उद्दिष्ट गाठणार नाही हे मधल्या हिशोबात दिसलं. चोवीस जणांच्या आकड्यावर घर विकायला निघू नये ते यासाठी.

आपल्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारी चाचणी चीनमधली आहे. गंभीर कोविडनंतर फुफ्फुसाला इजा झालेले १०० रुग्ण, ६५ जणांना नाळेच्या ४ कोटी पेशी तीन वेळा, ३५ जणांना डमी (पेशी नसलेली, दिसायला तशीच पिशवी). २८ व्या दिवशी सीटीवर घट्ट डागांचं आकारमान पेशी गटात जास्त उतरलं. एकूण डागांचा आणि सहा मिनिटांच्या चालीचा फरक मात्र सांख्यिकीच्या रेषेच्या अलीकडेच राहिला, म्हणजे तो योगायोगानेही पडू शकतो. वर्षभराने पेशी गटातल्या १७.९ टक्के लोकांचं सीटी पूर्ण नॉर्मल होतं, दुसऱ्या गटात एकाचंही नाही. आशा ठेवण्याजोगं आहे. पण सीटी साफ होणं आणि माणूस जिना न थांबता चढणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोविडच्या आधीची एक चाचणीही इथे सांगायला हवी. फुफ्फुसाच्या तीव्र इजेवर ६० रुग्णांना किलोमागे १ कोटी पेशी किंवा डमी दिली. फायदा दिसला नाही. नंतर तपासलं तर देताना जिवंत पेशींचं प्रमाण कुणाच्या पिशवीत ३६ टक्के, कुणाच्या ८५ टक्के. कागदावर डोस एक, प्रत्यक्षात दुपटीहून जास्त तफावत. वितळवणाऱ्या तंत्रज्ञाचा हात इथे शास्त्रज्ञाच्या कल्पनेइतकाच महत्त्वाचा ठरतो.

मला डमी मिळाली तर माझा वेळ फुकट नाही का?

कोविडनंतरचा दम बऱ्याच जणांचा सहा महिने ते वर्षभरात आपोआप कमी होतो. त्यामुळे कोणताही उपचार सुरू करा, सहा महिन्यांनी रुग्ण 'फरक पडला' म्हणणारच. पेशींची खरी स्पर्धा आहे ती या नैसर्गिक सुधारणेशी, आणि ती वजा करायला डमी गटाशिवाय दुसरा मार्ग नाही.

सहा मिनिटांच्या चालीतच बघा. रुग्णाला जाणवेल असा फरक म्हणजे साधारण ३० मीटर. आणि काहीही उपचार न करता, फक्त दुसऱ्यांदा चालायला लावलं तर सवयीनेच सरासरी २६ मीटर अंतर वाढतं. क्लिनिकने आधी एकदा आणि नंतर एकदा चालवलं की 'सुधारणा' तयार. म्हणून नीट चाचणीत सुरुवातीलाच अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा चालवतात आणि चांगला आकडा धरतात.

किती रुग्ण लागतात? समजा माणसामाणसांतला फरक ८० मीटरचा आहे आणि ३० मीटरची सुधारणा पकडायची आहे. ८० टक्के खात्रीने ती दिसायला प्रत्येक गटात सुमारे ११२ जण हवेत. वीस जणांची चाचणी सुरक्षितता सांगते, परिणाम नाही.

डमीत पेशी सोडून बाकी सगळं तेच असतं. पेशींचं पाणी गढूळ दिसतं, म्हणून पिशवीवर अपारदर्शक आवरण चढवतात. डमीतही डीएमएसओ असलं पाहिजे, नाहीतर लसणाच्या वासावरून गुपित फुटतं. परिणाम सिद्ध झाला तर डमी गटाला नंतर पेशी देणार का, हे सही करण्यापूर्वी विचारा.

मला घेतील का?

प्रत्येक चाचणीचे निकष वेगळे. साधारणपणे कोविड झाल्याचा पुरावा, ३ महिन्यांहून जास्त टिकलेली धाप, आणि सीटीवर किंवा डीएलसीओत दिसणारा बिघाड लागतो. गर्भवती, गेल्या पाच वर्षांत कॅन्सर झालेले, चालू टीबी, नुकती झालेली गुठळी, यकृत-मूत्रपिंडाचा गंभीर आजार, आणि गेल्या महिन्याभरात दुसऱ्या चाचणीत औषध घेतलेले बहुधा वगळतात. धूम्रपान लपवू नका. निकोटिनचा अंश लघवीत सापडतो.

तपासणीच्या दिवशी काय सांभाळायचं?

बोटांना मेंदी किंवा नेलपॉलिश नको, ऑक्सिमीटर चुकतो. सावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्तही दाखवतो, म्हणून ९४ वर निर्धास्त राहू नका. स्पायरोमेट्रीआधी दोन तास पोटभर जेवू नका, कंबर आवळणारे कपडे नकोत. इन्हेलर किती तास आधी बंद ठेवायचा ते केंद्र सांगेल. सालब्युटामॉल साधारण ४ ते ६ तास. चालण्याच्या चाचणीला रोजच्या चपला-बूटच घाला. मार्ग ३० मीटरचा सरळ असावा. १५ मीटरच्या बोळात चालवलं तर वळण्यातच अंतर जातं, आणि पुढच्या वेळी मोठ्या बोळात नेलं की आकडा आपोआप वाढतो.

चाचणी खरी आहे हे कसं ओळखू?

भारतात मूलपेशींपासून बनवलेलं उत्पादन २०१९ च्या नवीन औषधं आणि क्लिनिकल चाचणी नियमांखाली नवीन औषध धरलं जातं. म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी आणि त्यांच्याकडे नोंदलेल्या एथिक्स कमिटीची मंजुरी, दोन्ही हवीत. चाचणीची नोंद सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत असते. क्रमांक 'सीटीआरआय', मग वर्ष, महिना आणि सहा आकडे असा. तो टाकून शोधा आणि तुमच्या हॉस्पिटलचं नाव केंद्रांच्या यादीत आहे का ते वाचा. केवळ नोंद म्हणजे सरकारी शिफारस नव्हे.

बाकी सगळ्यांपेक्षा सोपी कसोटी पैशांची. चाचणीतल्या पेशींसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. 'चाचणी आहे, फक्त तीन लाखांचं पॅकेज' असं कोणी म्हटलं की उठून यावं. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई हा तुमचा हक्क आहे, आणि गंभीर दुष्परिणाम २४ तासांत कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. संमतिपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. सही केल्यावरही कधीही बाहेर पडता येतं. तुमचे नेहमीचे उपचार त्यामुळे थांबवता येत नाहीत.

गुडघ्याच्या झिजेसाठी आणि पायाच्या रक्तपुरवठ्यासाठी भारतात एका एमएससी उत्पादनाला परवानगी मिळाली आहे. तिचा दाखला देऊन फुफ्फुसासाठी तेच देणारे भेटतील. एका आजारासाठीची परवानगी दुसऱ्याला लागू होत नाही.

एक्सोसोम नेब्युलायझरने घेता येतात म्हणे, ते सोपं नाही का?

घ्यायला सोपं, पारखायला अवघड. पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या म्हणजे एक्सोसोम. डोस कशात मोजायचा यावरच अजून एकमत नाही. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१९ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला होता. चाचणीबाहेर घेऊ नका.

चाचणीची वाट बघताना काय करावं?

श्वसन-पुनर्वसन: सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, चालणं आणि मांड्या-दंडांचे व्यायाम, देखरेखीखाली. अपवाद ज्यांना श्रमानंतर दुसऱ्या दिवशी अंग पार गळून जातं त्यांचा. त्यांनी व्यायाम वाढवत न्यायचा नाही. सीटीवर ऑर्गनायझिंग न्यूमोनिया (फुफ्फुसात रेंगाळलेल्या सुजेचा एक प्रकार) दिसत असेल तर स्टेरॉइडने उतरण्याची शक्यता असते, ती आधी तपासून घ्या. पुनर्वसन चाचणीच्या मध्येच सुरू करू नका. एक तर आधी, नाहीतर चाचणीच्या डॉक्टरांना सांगून. नाहीतर सुधारणा कशाने झाली ते कोणालाच कळणार नाही.

नातवाच्या जन्माच्या वेळी नाळ बँकेत ठेवली आहे. ती आजोबांना चालेल का?

बँकेत बहुधा नाळेचं रक्त असतं, नाळेची ऊती नव्हे. त्या रक्तात रक्त बनवणाऱ्या मूलपेशी असतात. त्या ल्युकेमियासारख्या आजारांत कामाच्या, फुफ्फुसासाठी नाहीत. ऊती ठेवली असली तरी तिच्यातून पेशी काढून, वाढवून, तपासून देण्यासाठी परवाना असलेली प्रयोगशाळा आणि मंजूर चाचणी लागेल. बँकेचा वार्षिक हप्ता या कारणासाठी भरत राहू नका.